भुलाबाई बसायच्या आत कॅमेरा घ्यायचाय – कोणता घेऊ, आणि काढलेलं जपू कुठं?

कपाशी | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. घरी पऱ्हाटी-तुरीचं वावर आहे, मी गावातच शिवणकाम करते.

माझी आजी ८६ वर्षांची आहे. भुलाबाईची जितकी गाणी तिला येतात तितकी आमच्या गावात आता कोणालाच येत नाहीत. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या ओसरीत रोज सांजच्याला मुली जमतात. आजी मधोमध बसते, गाणं उचलते, मग बाकीच्या. शेवटी डबा हलवून खिरापत ओळखायची. गेल्या वर्षी दोन वेळा ती गाण्याच्या मधेच थांबली. पुढचं आठवेना. कोणाकडं न पाहता पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. शेजारच्या काकूंनी पुढची ओळ धरली तेव्हा नुसती मान हलवली. त्या रात्री मी ठरवलं की हे सगळं नीट, पूर्ण, चांगल्या आवाजात टिपून ठेवायचं.

दुसरी गोष्ट. २००६ साली काकांकडं टेपवाला हँडीकॅम होता. पोळा, ताईचं लग्न, आजोबा बैल धुताना, असं पाच छोट्या टेपांवर आहे. पुढं तालुक्याच्या एका स्टुडिओतून त्याच्या दोन डीव्हीडी करून आणल्या होत्या. आजोबा गेल्यावर लावल्या तर एक अडकत अडकत चालते, दुसरी मशीन ओळखतच नाही. टेपा पत्र्याच्या पेटीत आहेत. कॅमेरा बिघडला म्हणून काकांनी केव्हाच देऊन टाकला.

तर मला विचारायचं आहे की ४० हजारांच्या आत कोणता एचडी कॅमेरा घ्यावा? आणि काढलेलं ठेवू कुठं? डीव्हीडीवर आता माझा विश्वास नाही. कृपया कळेल अशा भाषेत सांगा.

अकोल्याचा_भाऊ | सोमवार, रात्री ९.५५

ताई, मले तं वाटते का कॅमेऱ्यात पैसे घालूच नका. चांगला मोबाईल घ्या. मायी भाचीचं लगन म्या मोबाईलवरच काढलं, सुंदर आलं. कॅमेरा घेतला तं तो बारा महिने आलमारीत राह्यते, मोबाईल हातात राह्यते. आजी गाणं केव्हा म्हनन हे काय ठरलं राह्यते का? सयपाक करता करता म्हनते, निवडता निवडता म्हनते. तवा हातात जे हाय तेच कामी येते.

फीतवेडा | सोमवार, रात्री ११.१०

नागपूरला मी वीस वर्षं लग्नाचं शूटिंग केलं. व्हीएचएसपासून सगळं हाताळलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाऊंचं म्हणणं अर्ध्याहून जास्त खरं आहे आणि ते दुकानदार सांगणार नाही. स्वस्त हँडीकॅमच्या आतला सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, फार लहान असतो. उदाहरणार्थ सोनीचा एचडीआर-सीएक्स ४०५. आपल्याकडं तो बरीच वर्षं विकला गेला, अजूनही पुष्कळ घरांत आहे. त्याचा सेन्सर १/५.८ इंचाचा, म्हणजे डाळीच्या दाण्याएवढा. आजच्या बऱ्या मोबाईलचा मुख्य सेन्सर त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. दिवसा उजेडात फरक कळणार नाही. पण सांजच्याला ओसरीत एका बल्बखाली आजी बसली आहे, तिथं हा कॅमेरा चित्रात मुंग्या आणेल आणि मोबाईल स्वच्छ काढेल. शिवाय या मॉडेलला बाहेरचा माइक लावायला भोकच नाही. गाणी टिपायची असतील तर ही मोठी उणीव.

मग हँडीकॅम कशासाठी? एक तर खरा झूम. सीएक्स ४०५ मध्ये ३० पट ऑप्टिकल झूम आहे. भिंगं आत सरकून दूरचं जवळ आणतात, चित्र फाटत नाही. मोबाईलवर दोन बोटांनी मोठं करता तेव्हा तो चित्राचा तुकडा कापून ताणतो. दुसरं, सलग चालणं. बॅटरी संपली की बदला किंवा तार लावून ठेवा. मधे फोन येत नाही, साठा भरल्याची चिठ्ठी येत नाही, आणि पट्टा हातात अडकवून तासभर धरता येतो.

म्हणून आधी काय काढायचं ते ठरवा. आजीची गाणी, घरातल्या गप्पा, पोरांचा तान्हा पोळा यासाठी मोबाईल, बाहेरचा माइक आणि तिपाई बास आहे. शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, स्टेजवरचं नाटक, शाळेचं स्नेहसंमेलन, जिथं तुम्ही शेवटच्या रांगेत आहात, तिथं हँडीकॅम हवा.

हँडीकॅमच घ्यायचा असेल तर माइकचं आणि हेडफोनचं भोक असलेला घ्या. सोनीचा एफडीआर-एएक्स ५३ आणि पॅनासॉनिकचा एचसी-व्ही ७८५ या दोन्हींना ती सोय आहे, दोन्हींचा ऑप्टिकल झूम २० पट. नवे तुमच्या रकमेत बसतील असं नाही, वापरलेले शोधावे लागतील. ऑनलाइन ‘४के हँडीकॅम’ म्हणून अनोळखी नावाचे स्वस्त कॅमेरे दिसतात. खोक्यावर ‘१६ एक्स डिजिटल झूम’ लिहिलेलं असलं की समजा, भिंग हलत नाही. ते घेऊ नका.

४के च्या मागे लागू नका असंही सांगेन. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचं चित्र, ४के मध्ये त्याच्या चौपट ठिपके. घरच्या टीव्हीवर आजीचा चेहरा, हाताच्या शिरा, कपाळावरचं गोंदण, सगळं दिसतं. ४के ला जागा चौपट लागते आणि गावातल्या जुन्या लॅपटॉपवर ते धड चालतही नाही.

कपाशी | मंगळवार, सकाळी ६.४५

फीतवेडा दादा, खूप आभार. दोनदा वाचलं. भाचा पुण्याहून राखीला येणार आहे, त्याचा मोबाईल चांगला आहे. पण आमच्या इथं भुलाबाईबरोबर पोळाही काढायचा आहे आणि बैल तोरणाखाली उभे असतात तेव्हा बायांना तिथं जवळ जायला मिळत नाही, आम्ही ओट्यावरून पाहतो. म्हणजे मला झूम लागेल. वापरलेला घ्यायचा तर पाहू काय काय?

झाडीतला | मंगळवार, दुपारी १.३०

ताई, मी वडसा भागातला. आमच्याकडं दिवाळी झाली, धान घरात आलं की मंडई म्हणजे गावची जत्रा आणि नाटकं सुरू होतात, ती होळीपर्यंत. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. नाटकाचा पडदा रात्री दहाच्या पुढं उघडतो आणि लोक पहाटे घरी जातात. आमच्या गावच्या मंडळाची नाटकं मी बारा वर्षं हँडीकॅमवर काढतो आहे. त्यातून शिकलो ते सांगतो.

सहा तासांचं नाटक सेकंदाला १७ मेगाबिटच्या दर्जावर काढलं (मेगाबिट जास्त तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी) तर साधारण ४६ जीबी होतं. २४ मेगाबिटवर ६५ जीबी. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड शेवटच्या अंकात भरतं, आणि शेवटच्या अंकातच सगळं रडू असतं. मी दोन कार्डं नेतो आणि मध्यंतराला कार्ड बदलतोच, भरलेलं असो नसो. कार्डावर वेगाचा शिक्का असतो, ‘क्लास १०’ चं पुरतं. ४के काढणार असाल तर त्याहून वेगवान, व्ही ३० लिहिलेलं बघा.

नकली कार्डं फार आहेत. वर १२८ जीबी लिहिलेलं आणि आत १६. कॅमेरा काढत राहतो, तुम्हाला वाटतं सगळं आलं, घरी आल्यावर फाईल उघडतच नाही. नवं कार्ड आणलं की लॅपटॉपवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतो. वेळ लागतो, पण हे केल्याशिवाय मी कार्ड कॅमेऱ्यात घालत नाही.

वापरलेला घेताना टॉर्च घेऊन जा. भिंगाच्या पुढून उजेड टाकून आत तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. आमच्याकडं पाऊस जास्त, बुरशी लागलेले कॅमेरे खूप पाहिले. मग स्वतःचं कार्ड घालून दहा मिनिटं काढा. झूम पुढंमागं करा, घरघर येते का ऐका. बॅटरी पोटाला फुगलेली नको. काढलेलं तिथंच चालवून बघा, आवाजासकट. विकणारा घाई करत असेल तर उठून या.

एक मनातलं. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या गावात फटाके फुटले, झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीची दखल घेतली गेली म्हणून. त्या रात्री आम्ही आमच्या मंडळाची जुनी नाटकं लावायला बसलो. सुरुवातीच्या चार वर्षांचं काहीच सापडलं नाही. काढलं मीच होतं. कार्ड एकच होतं आणि दर वर्षी पुसून त्यावरच पुढचं काढलं होतं. त्यातले दोन नट आता नाहीत. त्यांच्या घरचे अजून विचारतात.

आणि कोणाचं व्यावसायिक नाटक काढायचं असेल तर आधी कंपनीला विचारा, आणि नेटवर टाकू नका. त्यांचं पोट त्यावर आहे.

वर्धाकाठ | मंगळवार, रात्री ८.०५

कॅमेऱ्याचं सगळे सांगतील. मी साठवणीचं सांगतो, कारण ते मी गमावून शिकलो.

माझ्या दोन्ही मुलांचं बारसं, उष्टावण, पहिलं पाऊल, वडिलांची साठी, असं सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होतं. एकावर भरवसा नको म्हणून दुसरी घेतली. शहाण्यासारखं वाटलं. दोन्ही डिस्क कॉम्प्युटरला कायम लावलेल्या, म्हणजे कॉपी आपोआप होत राहील.

मृगाच्या तोंडाशी, दुपारी चारला आभाळ भरून आलं. घरच्यांनी ओरडून सांगितलं की टीव्हीची पिन काढा. टीव्हीची काढली, कॉम्प्युटरची राहिली. मागच्या वावरातल्या बाभळीवर वीज पडली. घरात बोर्डातून निळी ठिणगी आली आणि जळका वास. यूपीएस, कॉम्प्युटर आणि तारेनं जोडलेल्या दोन्ही डिस्क एका क्षणात गेल्या. नागपूरला दाखवल्या. एकीचं सर्किट बदलून काही फाईली निघाल्या, दुसरीचं काहीच नाही. वडिलांच्या साठीत ते बोलायला उभे राहिले होते. आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर बोलले. ते निघालेल्या फाईलींत नव्हतं.

ताई, दोन डिस्क घ्या, पण दोन्ही एकाच वेळी कधीही जोडू नका. एक जोडा, कॉपी करा, काढा, आलमारीत ठेवा. मग दुसरी. आणि दुसरी त्या घरात ठेवूच नका. माझी आता बहिणीच्या घरी हिंगणघाटला असते. दर दिवाळीला आणि अक्षय तृतीयेला अदलाबदल करतो.

अकोल्याचा_भाऊ | मंगळवार, रात्री ८.४०

वर्धाकाठ भाऊ, वाचून जीव चरकला. मायं तं सगळं मोबाईलातच हाय. आजच डिस्क पाह्यतो.

फीतवेडा | मंगळवार, रात्री १०.३०

वर्धाकाठ यांनी लिहिलं ते छापून कॅमेऱ्याच्या खोक्यात टाकायला हवं. जगभर याला ३-२-१ म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. आपल्या घरासाठी मी सोपं करून सांगतो. एक डिस्क घरी, एक नात्यात, आणि जे सगळ्यात मोलाचं आहे, म्हणजे आजीची गाणी, ती तिसऱ्या ठिकाणी नेटवर. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, आता १५ जीबी मिळतात आणि त्यात ईमेलही येतात. तेवढ्यात गाणी बसतील. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’, म्हणजे लिंक दिली त्यालाच दिसेल असं, ठेवता येतं, पण तिथं व्हिडिओ दाबून लहान केला जातो, त्यामुळं ती बघायची प्रत झाली, मूळ प्रत नव्हे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ तर फारच दाबला जातो. पुण्याच्या भाच्याकडून मूळ फाईल घेताना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, तशी २ जीबीपर्यंत जाते, दर्जा तसाच राहतो. त्याहून बरं म्हणजे तो येईल तेव्हा तारेनं उतरवून घ्या.

जागेचा हिशोब भीती वाटते तेवढा नाही. फुल एचडी २४ मेगाबिटवर तासाला १०.८ जीबी. २ टीबीच्या डिस्कवर १८० तासांहून जास्त मावतं. घरातलं आयुष्यभराचं काढलं तरी एवढं होत नाही.

हँडीकॅमच्या कार्डात ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर असतो, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्याच्या आत बऱ्याच खाली ‘स्ट्रीम’ आणि तिथं एमटीएस नावाच्या फाईली. नुसत्या एमटीएस उचलू नका, अख्खा प्रायव्हेट फोल्डर उचला. मोठं रेकॉर्डिंग कॅमेरा तुकड्यांत ठेवतो आणि ते तुकडे एकमेकांना कसे जोडायचे याची नोंद बाकीच्या फाईलींत असते. फोल्डरला तारीख द्या: वर्ष, महिना, दिवस, मग प्रसंग. अशानं डिस्कवर सगळं आपोआप क्रमानं लागतं. आतल्या फाईलींची नावं मात्र बदलू नका.

दोन्ही डिस्कवर उतरवून, दोन्हीकडं चालवून पाहिल्यावरच कार्ड पुसा, आणि पुसायचं ते कॅमेऱ्यातूनच.

साठवणीला साधी फिरणारी हार्ड डिस्क घ्या. एसएसडी म्हणजे आत काही न फिरणारी, चिपवाली डिस्क वेगवान असते, पण वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायला ती नाही. तिच्यात माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते आणि तो भार हळूहळू गळतो, उन्हाळ्याच्या गरमीत जास्त लवकर.

माहेरची_वाट | बुधवार, सकाळी ११.१५

मी चंद्रपूरची, आता वरोऱ्याजवळच्या गावात असते. ठेवायच्या जागेबद्दल लिहिते, कारण आमच्याकडचं ऊन सगळ्यांना ठाऊक आहे.

टिनाच्या छताखाली, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, या तीन जागा सोडून कुठंही ठेवा. मे महिन्यात बाहेर ४६ असतं तेव्हा टिनाखालच्या पेटीला हात लावता येत नाही. हँडीकॅमच्या पुस्तकात वापराची मर्यादा सहसा ४० अंश दिलेली असते. आम्ही कॅमेरा आणि डिस्क मधल्या खोलीतल्या मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवतो, जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीवर. ती घरातली सगळ्यात गार जागा आहे.

दुसरी चूक माझ्या हातून झाली होती. गरमी नको म्हणून कॅमेरा कूलरच्या खोलीत ठेवला. कूलरची हवा ओली असते. दोन महिन्यांत भिंगाच्या कडेला बुरशी धरली. आता झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. रंग बदलणारं जेल मिळतं. ओल धरून रंग पालटला की कढईत मंद आचेवर सुकवायचं, परत पहिल्यासारखं होतं. त्या कढईत मग सयपाक करू नका. डांबरगोळ्याही डब्यात टाकू नका.

आणि लग्नात उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर कॅमेरा किंवा मोबाईल कधी ठेवू नका.

कपाशी | बुधवार, दुपारी ३.५०

टेपा आमच्या टिनाखालच्या पत्र्याच्या पेटीतच आहेत. वाचल्या वाचल्या उतरवल्या. आता मधल्या खोलीत आहेत. फीतवेडा दादा, त्यांचं काही होईल का? डब्यावर ‘मिनी डीव्ही ६०’ लिहिलं आहे.

फीतवेडा | बुधवार, रात्री ९.४५

होईल. बरं झालं विचारलंत. याला घाई आहे. टेपेपेक्षा ती वाचणारी यंत्रं आधी संपत आहेत.

मिनी डीव्ही टेपवर माहिती अंकांतच असते, तासाला साधारण १३ जीबी. योग्य तारेनं उतरवली तर टेपवर आहे तश्शी, एकही ठिपका न बदलता कॉम्प्युटरवर येते. ती तार म्हणजे फायरवायर. जुन्या कॅमेऱ्यावर ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं बारीक भोक असतं, ते. नव्या लॅपटॉपला ही सोय नसते, म्हणून मी एक जुना डेस्कटॉप फायरवायरचं कार्ड घालून जपून ठेवला आहे. पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारेनं उतरवू नका, दर्जा जातो. तुमच्या डीव्हीडीही बहुधा तशाच झाल्या असतील.

तासाची टेप उतरवायला तासच लागतो, ती चालवावीच लागते. चालवायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं गुंडाळायची, म्हणजे इतक्या वर्षांनी एकमेकांना चिकटलेली फीत मोकळी होते. काकांनी ‘एलपी’वर, म्हणजे फीत सावकाश चालवून जास्त वेळ मावेल अशा प्रकारात काढलं असेल तर दुसऱ्या कॅमेऱ्यात ती कधी कधी नीट चालत नाही. पण माझ्याकडं वेगवेगळ्या कंपन्यांचे चार जुने कॅमेरे आहेत, एखाद्यात चालेल.

त्याआधी प्रत्येक टेप खिडकीजवळ उजेडात धरून टेपेच्याच काचेतून फितीच्या कडा बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती वेगळी ठेवा. ती बुरशी. तशी टेप चालवली की ती कॅमेऱ्याच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागते आणि पुढच्या चांगल्या टेपाही खराब होतात.

नागपूरला या. पैसे नकोत. फक्त रिकामी डिस्क आणा.

डीव्हीडीही आणा. एका ड्राइव्हला न दिसणारी डीव्हीडी दुसऱ्या जुन्या ड्राइव्हला दिसते, असं पुष्कळदा होतं. कापडानं पुसताना गोल गोल नको, मधून कडेकडं सरळ.

झाडीतला | बुधवार, रात्री १०.२०

गाण्याच्या आवाजाचं राहिलं. ताई, पंखा, कूलर, फ्रिज बंद. कॉलरला लावायचा तारेचा माइक आजीच्या पदराला खांद्याजवळ लावा, पण बांगड्यांपासून लांब. मुली टिपऱ्या वाजवणार असतील तर मोबाईलचा आपोआप आवाज सांभाळणारा प्रकार टिपरीच्या खटक्याला आजीचा आवाज खाली दाबतो. एकदा टिपऱ्यांशिवाय, नुसती आजी, असंही काढा.

आणि ओसरीतल्या बल्बखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले तर मोबाईलमध्ये सेकंदाला ३० ऐवजी २५ चित्रं ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ३० शी तिचा मेळ बसत नाही.

वर्धाकाठ | गुरुवार, सकाळी ७.१०

एक वहीही ठेवा. प्रत्येक व्हिडिओत कोण कोण दिसतं, नातं काय, गाव कोणतं. माझ्या ज्या थोड्या फाईली वाचल्या, त्यात साठीच्या पंगतीत आजूबाजूला बसलेल्या अर्ध्या माणसांची नावं आता घरात कोणी सांगू शकत नाही.

कपाशी | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.००

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. पेरणी, डवरणी, मग पोळा.

वापरलेला पॅनासॉनिकचा व्ही ७८५ मिळाला, अमरावतीच्या एका शिक्षकांकडून. टॉर्च घेऊन गेले होते. त्यांनीच हसून विचारलं, बुरशी बघता का, आणि स्वतः उजेडात धरून दाखवलं. दहा मिनिटं काढून बघितलं, हेडफोन लावून ऐकलं. उरलेल्या पैशांत १ टीबीच्या दोन डिस्क आणि एक तारेचा माइक आला. दुसरी डिस्क मावशीकडं दिग्रसला.

पोळा ओट्यावरूनच काढला. तोरण तुटलं तेव्हा बैलांच्या शिंगांचा बेगड, झुली, आमच्या गोऱ्ह्याचं बिचकणं, सगळं जवळून आलं.

गेल्या शनिवारी नागपूरला जाऊन आले. दादांनी आणि वहिनींनी दिवसभर घर मोकळं करून दिलं, जेवू घातलं. तीन टेपा पूर्ण उतरल्या. चौथीच्या कडेला पांढरं आहे, ती चालवली नाही. पाचवी पुढच्या फेरीत.

काल सांजच्याला तिसरी टेप टीव्हीवर लावली. पोळ्याच्या सकाळची आहे. आजोबा विहिरीवर बैलाच्या वशिंडावर पाणी ओततात आणि त्याच्याशी बोलतात. वारा माइकवर आदळतो म्हणून बरंच ऐकू येत नाही. मधे वारा थांबतो, तेव्हा साधारण चाळीस सेकंद त्यांचा आवाज स्वच्छ आहे. ‘हो बापा, हो, झालं, झालं.’ आजी खाटेवर बसली होती. म्हणाली, परत लाव. मी लावलं. म्हणाली, परत लाव. पाचव्यांदा लावल्यावर म्हणाली, ‘हा पवळ्या नाही, ढवळ्या हाय. पवळ्या डावीकडं बांधला हाय, त्याची शेपटी दिसते पाय.’ मी वहीत पवळ्या लिहिलं होतं, ते खोडून ढवळ्या केलं.

दादा, चौथ्या टेपवर कोजागिरी आहे असं काका म्हणतात. तिचं काय करू?

फीतवेडा | रविवार, रात्री ९.३५

घरी अजिबात चालवू नका. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, बाकीच्या टेपांपासून वेगळी. बुरशी कोरडी झाली की ती झडते. मग मी टेपेचा डबा स्क्रू काढून उघडीन, फीत मऊ कापडावरून हातानं गुंडाळत साफ करीन आणि ज्या कॅमेऱ्याचं पुढं काही करायचं नाही अशा एकात एकदाच चालवीन. एकदाच मिळेल असं धरून उतरवायला बसायचं. तीन आठवडे सुकू द्या.

कपाशी | रविवार, रात्री ९.५०

तीन आठवड्यांनी इथं भुलाबाई बसलेली असेल, मला सांजच्याला घर सोडता येणार नाही. काकांना सकाळच्या गाडीनं पाठवते. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘४ – चालवू नये’ लिहून देते.